दिवेलागणीला आडवा

विमानाला रिव्हर्स नसतो. पुष्कळ लोकांना हे माहीत नाही. पुढे जायला त्याला मोठमोठी मशीनं आहेत, पण उभ्या जागेवरून मागे सरक म्हटलं की एवढं थोरलं धूड नुसतं बसून राहतं. मग खालून एक बुटका, जड ट्रॅक्टर येतो, विमानाच्या पुढच्या चाकाला लोखंडी दांडा अडकवतो आणि त्याला ढकलत ढकलत रस्त्यावर आणून सोडतो. तो ट्रॅक्टर माझा हर्षद चालवतो. माणसं, त्यांच्या बॅगा, पायलट, सगळ्यांना आधी माझा मुलगा मागे ढकलतो, तेव्हा ते दुबईला पोचतात.

आम्ही घाटकोपरला असल्फ्यात राहतो, सातव्या मजल्यावर. उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली जातात की त्यांची चाकं दिसतात. नवा पाहुणा आला की कानावर हात ठेवतो. मी त्याला गच्चीवर नेऊन सांगायची, हे आत्ता उतरलं ना, याला रात्री आमचा हर्षद ढकलणार. समोरच्या दारातली शकु हे ऐकून ऐकून कंटाळली होती. तिचा मुलगा बँकेत आहे. बँकेतली खुर्ची गच्चीवरून दाखवता येत नाही, त्याला मी काय करू.

तर अशा या हर्षदला दिवाळीनंतर ट्रॅक्टरवरून उतरवलं.

वर्षाची तपासणी होती असं त्याने घरी सांगितलं. दंडाला पट्टा बांधला तर प्रेशर वर. थोडा वेळ बसवून परत बांधला तर आणखी वर. विमानाजवळ गाडी चालवायची तर प्रेशर बेतात पाहिजे, असा तिथला नियम. सहा आठवड्यांनी परत तपासणार, आणि तेव्हाही असंच निघालं तर ट्रॅक्टरचा परवाना कायमचा जाणार. तोवर पाळी तीच, पण काम खालचं. विमान उभं राहिलं की त्याच्या चाकांना ठोकळे लावायचे. विमान ढकलणारा माझा मुलगा चाकाखाली वाकून ठोकळे सरकवू लागला. मी घरातल्यांना बजावून ठेवलं, हे दाराबाहेर जाणार नाही.

खुणा तशा आधीपासून होत्या. दोन वर्षांपूर्वी त्याला कायमची रातपाळी लागली. परदेशी विमानं रात्रीच सुटतात. घरातली माणसं जेवून अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा हा बूट घालतो आणि बारा तासांची पाळी करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येतो. आधी वजन वाढलं, तेही सगळं पोटावर. मग तोंड आलं ते बरं होईना. सर्दी झाली की महिनाभर मुक्काम. छातीत जळजळ. केस इतके गळले की मोरीची जाळी तुंबायची. हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण माणूसच बदलला. हर्षद लहानपणापासून नकला करणारा. शकुच्या नवऱ्याची शिंक तो अशी काढायचा की समोरून शकु खरोखर पाणी घेऊन धावायची. आता सुनेने चार्जर जागेवरून हलवला म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि चार्जर त्याच्याच खिशात निघाला. सांगितलेलं विसरायचा. फोन वाजला म्हणून उठून जायचा, फोन वाजलेला नसायचा. घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा, ताटातली आमटी गार होऊन जायची.

मी माझ्या परीने कारणं शोधली. प्रेशर म्हणजे मीठ, एवढं कुणालाही कळतं. म्हणून पहिल्यांदा पापड गेले, मग लोणचं, मग सुकट आणि खारा बांगडा. कोकणातल्या माणसाच्या घरातून खारं काढलं म्हणजे अर्धा संसार काढला. आमचे हे, दत्ताराम, गिरणीत असतानाही कधी तक्रार न केलेला माणूस, आळणी भातासमोर बसून म्हणाले, "प्रेशर त्याचा आणि उपास माझो." मी लक्ष दिलं नाही. मग मी सुनेकडे वळले. दीप्ती स्टेशनजवळ चष्म्यांच्या दुकानात काम करते. मी म्हटलं, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघत बसते, घरी नवऱ्याकडे बघायला हिला होत नाही. ती काही बोलली नाही. तिचा हा एक गुण आहे, आणि त्याचा कधी कधी रागही येतो. शेवटी मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. घरात मिठाचा तेवढाच उपयोग उरला होता.

प्रेशर होतं तिथेच राहिलं. तेव्हा दीप्तीनेच एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मी म्हटलं मीही येते. मुलाचं काय बिघडलंय ते बायको एक सांगेल, आई दुसरं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला आजी म्हटलं. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी हर्षदला खाण्याचं विचारलं, दारू-तंबाखूचं विचारलं, मग म्हणाल्या, झोप कशी आहे. हर्षद म्हणाला, बरी आहे. मी म्हटलं, बरी कसली, दिवसभर झोपलेलाच असतो. दुपारी जेवला की आडवा होतो. त्यांनी विचारलं, उठतो कधी. हर्षद टेबलावरच्या हाडांच्या सांगाड्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, दिवेलागणीला.

"आपणहून जाग येते?"

"मी उठवते."

"का?"

का म्हणजे काय, हे मला समजलंच नाही. दिवेलागणीला माणसं उठतात. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे उठत नाहीत का. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हर्षदकडून एकेक करून काढून घेतलं. जेवून आडवा झाला तरी लगेच डोळा लागत नाही. डोक्यात विमानं चालूच असतात. लागला की कुरियरवाल्याची बेल, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, कुकरच्या शिट्या. जरा खोल गेला की सांज होते. मग रात्री निघेपर्यंत परत झोपायचा प्रयत्न, आणि झोप येणार की नाही या धास्तीनेच ती येत नाही. एका दमात झोप किती, असं विचारल्यावर त्याने बोटं दाखवली. एका हाताचीही सगळी लागली नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माणूस झोपला की त्याचं प्रेशर खाली उतरतं, नसांना, हृदयाला तेवढीच सुट्टी. याला उतरायलाच मिळत नाही. डोक्याचंही तसंच आहे. दिवसभराचा ताण झोपेत निवतो, नाहीतर तो साचतो आणि मग चिडचिड, विसर, नसलेले आवाज. त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली, आणि म्हणाल्या की गोळी तिचं काम करेल पण खरं औषध म्हणजे अंधार आणि सलग सात तास. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, याला संध्याकाळी उठवू नका."

कधी कधी पावसाळ्यात आमच्यावरून विमान येतं, खाली येतं, चाकं काढतं, आणि तिकडे रस्ता मोकळा नसला की टेकल्याशिवाय परत वर जातं. गोल फिरून पुन्हा येतं. बाईंचं बोलणं ऐकताना मला ते आठवलं, हर्षदची झोपही तशीच टेकता टेकता वर जाणारी. रिक्षात बसताना मी दीप्तीला एवढंच म्हटलं की बाई शिकलेल्या असतील, पण त्यांच्या घरात दिवा कोण लावतं ते विचारायला हवं होतं.

आमच्या घरात दिवेलागणीला कुणी आडवं नसतं. केर त्याआधी निघतो, दार उघडं राहतं, समई लागते, आणि जो घरात आहे तो उठून, तोंड धुऊन दिव्यासमोर उभा राहतो. त्या वेळी लक्ष्मी दारात येते आणि आत कुणी लोळताना दिसलं की उंबऱ्यावरून माघारी जाते. माझ्या सासूने हे लालबागच्या एका खोलीत पाळलं, मी तिच्या हाताखाली पाळलं. ह्यांचीही गिरणीत तिसरी पाळी असायची. पण ते सकाळी येऊन झोपायचे, दुपारी उठायचे, सांजेला धुतलेला सदरा घालून दिव्यासमोर. संप झाला, गिरणी गेली, ती खोली गेली, ह्यांनी नंतर कुणाकुणाच्या गेटवर वॉचमनगिरी केली, पण आमच्या दिव्यासमोर कधी कुणी आडवं नव्हतं. एकदा शकु आमच्या सोफ्यावर कलंडली होती, तिलाही मी उठवून बसवलं होतं.

या नियमातून सूट तिघांना. बाळंतीण, तान्हं मूल आणि आजारी.

ह्यांनी त्याच दिवशी विषय काढला. "निजांदे त्याका," म्हणाले. "आजाऱ्याक चलता."

मी म्हटलं, "तो आजारी नाही."

"आजारी नाय तर काय असा तो?"

"त्याची झोप होत नाही."

हे पंख्याकडे बघत म्हणाले, "तुका पण रिव्हर्स नाय गो."

आजारी हा शब्द मी माझ्या घरात येऊ देत नाही. आजारी माणसं शकुकडे असतात. तिच्या फ्रिजवर गोळ्यांचा एक डबा आहे, त्याला सात कप्पे, प्रत्येकावर वाराचं नाव, आणि पाहुणे आले की ती तो दागिन्यासारखा उघडून दाखवते. माझ्या घरात कुणाला बरं नसलं तर त्याला कसर असते, अंग मोडून आलेलं असतं, वारं बाधलेलं असतं. ह्यांचं अपेंडिक्स कापलं तेव्हाही मी पोट धरलंय म्हणून सांगितलं होतं. एकदा माणसाला आजारी म्हटलं की लोक त्याच्याकडे बघून आवाज खाली आणतात. माझ्या मुलाकडे बघून कुणी आवाज खाली आणावा, हे मला चालणार नव्हतं.

पण डॉक्टरीणबाईंचं बाकीचं मी सगळं केलं. कुणी म्हणू नये की मालनने केलं नाही. बेलची वायर ह्यांच्याकडून काढून घेतली. हर्षदच्या खोलीच्या खिडकीला जुनी गोधडी ठोकली. कुकर सकाळीच लावू लागले. दुपारची मालिका मी आवाज बंद करून बघितली. त्या बायका अशाही तोंडंच वाकडी करतात, समजायला काही अडत नाही. वरच्या मजल्यावर ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला मी जिन्यात गाठून सांगितलं की दुपारी भिंतीला भोक पाडलंस तर मी तुझ्या डोक्याला पाडीन. तो सकाळचा येऊ लागला. एवढं करून मी सांज झाली की हर्षदच्या दारावर थाप मारायची. थंडीचे दिवस, त्यात सांजही लवकर होते. उन्हाळ्यात त्याला जेवढी झोप मिळायची त्यापेक्षा आता कमी मिळत होती. हे मला दिसत होतं. पण दिव्याची वेळ सूर्य ठरवतो, मी नाही.

मग मी एक तोड काढली. नियम आडवं असण्याबद्दल आहे, झोपण्याबद्दल नाही. बसून डोळे मिटायला कुणाची ना नाही. तेव्हा दिवा लावायच्या जरा आधी मी आणि हे हळूच आत जायचो, हर्षदला काखेत धरून वर सरकवायचो आणि पाठीशी उशा लावायचो. समई लागून उदबत्ती विझली की परत खाली घ्यायचं. पहिल्या दिवशी तो नुसता कण्हला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणाला, "आई, तू मला फोटोला बसवतेयस का?" तिसऱ्या दिवशी त्याची मान अशी आखडली की त्याला मागे बघायचं तर अख्खं फिरावं लागे. हे उशा परत नेताना म्हणाले की आता ह्या पोरालाच दांडा लावून ढकलायला लागणार. मी उशांचा नाद सोडला आणि परत दारावर थाप मारू लागले.

तपासणीला पंधरा दिवस राहिले असतील. त्या सांजेला मी थाप मारली आणि हर्षद लगेच बाहेर आला. रोज दोन हाका माराव्या लागतात, आज एका थापेत आला म्हणून मला बरंच वाटलं. तोंड न धुता तो सरळ समईसमोर जाऊन उभा राहिला. मी उदबत्ती लावत होते. त्याने हात जोडले नाहीत. दोन्ही हात वर केले, अंगठे बाहेर काढले आणि हळूहळू बाजूला नेले, ते लोक विमानाला खुणा करतात तसे. मला वाटलं नक्कल करतोय. बऱ्याच दिवसांनी करतोय म्हणून मी बघत राहिले. मग त्याने उजवा हात पुढे घातला, गाडीचा दांडा ओढतात तसा, आणि समई धरली.

समई पडली. तेल फरशीवर, वाती तेलात. ह्यांनी पायपोस टाकून त्या विझवल्या. हर्षद तिथेच उभा. त्याचे डोळे उघडे होते. मी त्या डोळ्यांत बघितलं, चाळीस वर्षं बघत आलेय, पण तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मग तो खाली बसला, अंगातल्या बनियनच्या टोकाने तेल पुसायला लागला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाला, "सॉरी सर. चुकून झालं, सर. परत नाही होणार."

तो मला सर म्हणाला.

ह्यांनी त्याच्या खांद्याला हात लावून हाक मारली तेव्हा तो दचकला, फरशीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. तळहाताला चटका बसला होता, त्यावर मी तूप लावलं. त्याला काही आठवत नव्हतं. शेवटचं आठवत होतं ते दुपारी उशीवर डोकं टेकल्याचं.

दीप्ती दुकानातून आली, तिने फरशी बघितली, त्याचा हात बघितला, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून तिने हे दार लोटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आई, ट्रॅक्टरवर पण असंच झालं होतं," ती म्हणाली. "वर्षाची तपासणी नव्हती ती. विमान ढकलताना ह्यांचा डोळा लागला, उघड्या डोळ्यांनी. पायलट कानातल्या हेडफोनवर 'थांब' म्हणून सांगत होता, ह्यांना ऐकूच गेलं नाही. बाजूने चालणारा माणूस ओरडत आला म्हणून ब्रेक लागला. पंख शिडीला लागायचा राहिला. म्हणून तपासणीला पाठवलं."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

"तुम्ही गच्चीवर नेऊन लोकांना विमानं दाखवता ना. हे म्हणाले, आईला नको सांगूस."

ती भाजी चिरायला बसली. मी समई घासायला घेतली. तेल सांडलेलं पितळ निघायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मी केर काढला, दार उघडलं, समई लावली. पाय सवयीने त्याच्या खोलीकडे गेले. हात दाराला लागला आणि तिथेच थांबला. आतून घोरण्याचा आवाज येत होता, एका लयीत, न अडखळता. मी हात खाली घेतला. ह्यांनी नेहमीप्रमाणे दिव्याला नमस्कार केला आणि आज घरात काही वेगळं घडलं आहे असं तोंडावर दाखवलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मनात मार्क दिले.

तेवढ्यात शकु आली. कोथिंबीरवड्यांचं ताट घेऊन, दार उघडं बघून सरळ आत. तिने दिव्याला हात जोडले, मग इकडेतिकडे बघितलं. हर्षदचे बूट दारात होते.

"हर्षद नाही दिसला गं दिव्याला."

"आत आहे."

"काय करतोय?"

"झोपलाय."

शकुने ताट टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांत अशी संधी तिला मिळाली नव्हती आणि ती घाईने वाया घालवायची बाई ती नव्हे. "आडवा?" ती म्हणाली. "मालन, तुझ्या घरात? दिवेलागणीला? मला उठवलं होतंस तू सोफ्यावरून, आठवतंय ना. माझा पाय मुरगळलेला होता तेव्हा."

मी दिव्याकडे बघितलं. मला कसर म्हणता आलं असतं. अंग मोडून आलंय म्हणता आलं असतं. पण कसर असलेल्या माणसाला सूट नाही, हे शकुलाही माहीत होतं आणि दिव्यालाही.

"आजारी आहे," मी म्हटलं.

एकदा तोंडातून गेल्यावर मी उरलेलंही सांगून टाकलं, म्हणजे तिला नंतर तुकडे गोळा करत फिरायला नको. प्रेशर वाढलंय. झोप न होऊन वाढलंय. ट्रॅक्टरवरून उतरवलाय. सध्या चाकांना ठोकळे लावतो. तपासणीत पास झाला नाही तर तेच करणार.

आता ती काय म्हणते त्याची मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, तिच्या सात कप्प्यांच्या डब्यावर. शकुने खोलीच्या दाराकडे बघितलं, मग माझ्या अगदी जवळ आली.

"मग आपण एवढ्या मोठ्याने का बोलतोय?" ती कुजबुजली, आणि ताट तिथेच ठेवून चपला हातात घेऊन गेली.

तिने आवाज खाली आणला. ज्याला मी भीत होते ते झालं, आणि आतलं घोरणं तसंच चालू राहिलं.

दोन दिवसांत इमारतीला कळलं. शकुला सांगितल्यावर वेगळी दवंडी लागत नाही. बायका पपई, शहाळी घेऊन यायला लागल्या. कुणी जायफळ दुधात उगाळा म्हणालं, कुणी तळपायाला काशाची वाटी घासा म्हणालं. त्यांना दारात उभं राहून मोठ्याने हळहळायचं असे. मग मी लिफ्टसमोरच खुर्ची टाकून बसू लागले. पपई तिथेच घ्यायची, जायफळ तिथेच ऐकायचं, आणि परत पाठवायचं. एकीने विचारलं, आता बरा आहे का. मी म्हटलं, तू गेलीस की बरा होईल. लोक आजाऱ्याच्या घरच्यांचं बोलणं मनावर घेत नाहीत, हा एक फायदा मला तेव्हा समजला.

हर्षद पहिले काही दिवस सांजेला आपोआप जागा व्हायचा. शरीराला सवय लागलेली. दारात येऊन उभा राहायचा, मी बोटाने आत जा म्हणायची. मग एक दिवस तो आला नाही. दिवा लागला, उदबत्ती विझली, दीप्ती घरी आली, आमची जेवणं झाली, तेव्हा उठला. उशीचे वळ गालावर. ताटावर बसला आणि म्हणाला, भाजीत मीठ नाही. गेले महिनाभर नव्हतं, त्याला आज कळलं. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जसा तुरुंगात त्यांना दुसरा सोबती मिळालाय.

तपासणीच्या दिवशी तो पाळी करून तिथूनच गेला. मी गच्चीवर गेले नाही. दुपारी तो घरी आला, बूट काढले, हात धुतले, जेवला. मी विचारलं नाही. वाढत राहिले. शेवटचा भात घेताना म्हणाला, पास झालो, आई. प्रेशर नियमात आलंय. सोमवारपासून ट्रॅक्टर. तीन महिन्यांनी परत बघणार आहेत. मी विचारलं, गोळीने उतरलं की झोपेने. तो म्हणाला, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, दोन्हीने. ते त्या म्हणणारच, गोळी त्यांची होती. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

त्या सांजेला मी समईत तेल घातलं आणि वात पेटवली तर मागे पाय वाजले. हर्षद उठून आला होता. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, अंगात धुवट सदरा. ह्यांच्या शेजारी उभा राहिला, दिव्याला हात जोडले, मग माझ्याकडे बघून छाती काढून म्हणाला, "आता फिट आहे, आई. लेखी दिलंय. आता सूट नको."

तो आला याचं मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. दिव्यासमोर आपलं माणूस उभं बघायची चाळीस वर्षांची सवय आहे. पण त्याचे डोळे खालून लाल होते आणि रात्री त्याला निघायचं होतं.

"फिट कंपनीत," मी म्हटलं. "माझ्या घरात तू आजारी आहेस. जा, आडवा हो."

"आई, पण पास झालो ना."

"पास झाला म्हणून बरा झाला असं कुणी सांगितलं? जा."

तो हसला. मग नाक वर करून, डोळे बारीक करून त्याने शकुच्या नवऱ्याची शिंक काढली. समोरच्या दारातून शकुचा आवाज आला, काय गं, काय झालं, आणि पाठोपाठ पाण्याचा तांब्या घेऊन ती स्वतः आली. ह्यांना हसता हसता खोकला लागला, तेव्हा ते पाणी त्यांनाच द्यावं लागलं. हर्षद आत जाऊन झोपला.

याला आता वर्ष होत आलं. तो ट्रॅक्टर चालवतो, विमानं मागे ढकलतो, त्याचं प्रेशर कधी नियमात असतं, कधी जरा वर जातं, मग अर्ध्या गोळीची पाऊण होते. रातपाळी काही सुटलेली नाही. सांजेला आमच्याकडे दिवा लागतो तेव्हा ती खोली बंद असते. शकु अजून अधूनमधून विचारते, हर्षद बरा झाला का गं. मी म्हणते, नाही. ती विचारते, एवढे दिवस? मी म्हणते, जुनं दुखणं आहे, वेळ लागेल. मग ती आवाज खाली आणून बसते, आणि आम्ही उरलेलं सगळं कुजबुजत बोलतो.